डॉक्टर, नुसती बाटली पाठवू नका

प्रति,
महाराष्ट्रातील शहरांत, तालुक्याच्या गावांत आणि बाजारपेठांत दवाखाना चालवणारे सर्व फॅमिली डॉक्टर



मी सूक्ष्मजीवशास्त्राची डॉक्टर. मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या गावी लॅब चालवते. तुमची-माझी प्रत्यक्ष भेट क्वचित होते, पण तुमच्या पेशंटच्या लघवीच्या बाटल्या रोज माझ्या टेबलावर येतात. बाटलीबरोबर एक फॉर्म असतो. त्यावर नाव, वय आणि ‘युरिन कल्चर’ एवढंच लिहिलेलं असतं, खालची निम्मी जागा कोरी. ताप आहे का, बाई गरोदर आहे का, लघवीची नळी घातलेली आहे का, साखर आहे का, औषध सुरू झालंय का आणि झालं असेल तर कोणतं, यातलं काहीही नसतं. त्या कोऱ्या जागेसाठी हे पत्र लिहिते आहे. मूत्राशयाच्या जंतुसंसर्गात पुढे जे बिघडतं, त्याची सुरुवात बहुतेक वेळा तिथेच झालेली असते. फॉर्मवर लिहिलेलं नसतं, कारण पेशंटला विचारलेलंच नसतं.

तुमच्या ओपीडीची गर्दी मला ठाऊक आहे. पावसाळ्यात एकेका संध्याकाळी साठ-सत्तर पेशंट, बाहेर बाकावर जागा नाही, त्यात लाइट गेलेली. जिल्हा रुग्णालय पन्नास किलोमीटरवर असतं तेव्हा माणसाला आधार तुमचाच असतो. म्हणूनच हे मोठ्या हॉस्पिटलांतल्या तज्ज्ञांना न लिहिता तुम्हाला लिहिते. हा आजार तुमच्या टेबलावर सुरू होतो आणि बहुतेक वेळा तिथेच संपायला हवा.

उन्हाळ्यात एक बाई रिपोर्ट न्यायला स्वतः आल्या. कापड दुकानात कामाला. रिपोर्ट हातात घेऊन त्या तशाच उभ्या राहिल्या आणि पिशवीतून औषधांच्या रिकाम्या पट्ट्या काढून काउंटरवर एकेक मांडू लागल्या. पहिली पट्टी मेडिकलवाल्याने दिलेली, ऑफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडाझोलची, जुलाबासाठी आपल्याकडे सर्रास खपते ती. मग एका दवाखान्यातून सेफिक्सिम, तीन दिवस. मग दुसऱ्या दवाखान्यातून फॅरोपेनेम, तेही अर्धवट, कारण पैसे संपले. सोबत लघवीची जळजळ कमी करणाऱ्या सायट्रेटच्या सिरपच्या दोन बाटल्या आणि ताकदीच्या गोळ्या. दर वेळी दोन दिवस बरं वाटायचं आणि पुन्हा थेंब थेंब, पुन्हा आग. त्यांच्या लघवीत ई. कोलाय वाढला होता. सिप्रोफ्लॉक्सासिन आणि सेफिक्सिम दोन्हींना दाद न देणारा, पण नायट्रोफ्युरँटॉइन आणि फॉस्फोमायसिन या दोन्ही जुन्या औषधांना पूर्ण नमणारा. त्या मांडलेल्या पट्ट्यांत नेमकी हीच दोन औषधं नव्हती.

ऑर्निडाझोल अमिबा आणि ऑक्सिजनशिवाय वाढणाऱ्या जंतूंवर चालतं. ई. कोलायवर त्याचा काडीचा परिणाम होत नाही. साध्या मूत्राशयाच्या संसर्गात दहापैकी सात-आठ वेळा तरी ई. कोलायच असतो, हे आपण सगळे एमबीबीएसला शिकलो. जे वेगळ्या शाखेचे पदवीधर आहेत आणि आधुनिक औषधं लिहितात, त्यांनाही हे आता माहीत असायलाच हवं. मग ही जोडगोळी लघवीच्या तक्रारीवर का दिली जाते? एका दगडात सगळे पक्षी मारायचे म्हणून. पक्षी कोणता ते विचारायला मात्र एक मिनिटसुद्धा लागत नाही.

त्यामुळे माझी पहिली विनंती औषधाची नाही, प्रश्नांची आहे. लघवीला आग होते का, सारखी लागते का, आणि त्याबरोबर अंगावरून पांढरं जाणं किंवा खालच्या जागी खाज आहे का? पहिल्या दोन्हींचं उत्तर ‘हो’ आणि तिसऱ्याचं ‘नाही’ असेल, तर त्या बाईला मूत्राशयाचा संसर्ग असण्याची शक्यता नव्वद टक्क्यांहून जास्त असते. कुठल्याही स्ट्रिपपेक्षा ही उत्तरं भरवशाची. पुढचे दोन प्रश्न तितकेच महत्त्वाचे: थंडी वाजून ताप आला का, आणि बरगडीच्या खाली, पाठीत एका बाजूला दुखतं का? ‘हो’ म्हणाली तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढलाय, आणि मग सगळा हिशेब बदलतो.

हे प्रश्न विचारायला आडोसा लागतो. आपल्या बहुतेक दवाखान्यांत एक पडदा असतो आणि पडद्यापलीकडे बाकावर गावातलीच चार माणसं बसलेली असतात. बाई आत येते, बरोबर सासू किंवा नवरा असतो. ती ‘लघवीला आग होते’ असं म्हणत नाही. ती म्हणते, कंबर दुखते, अशक्तपणा आहे, कधी म्हणते ‘उन्हाळी लागली’. तुम्ही कामाच्या ओघात सलाइन लावता, बी-कॉम्प्लेक्स देता, ती बरं म्हणून घरी जाते आणि आठ दिवसांनी तापाने फणफणून परत येते. बरोबरच्या माणसाला दोन मिनिटं बाहेर बसवा. नर्स किंवा रिसेप्शनवरची मुलगी असेल तर तिला आधी विचारून ठेवायला सांगा. लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यांत हा त्रास किती मुलींना होतो, ते तुम्हीही जाणता. शरीरसंबंधांनंतर जंतू मूत्रमार्गात ढकलले जातात, एवढं साधं कारण आहे. पण ते कुणी सांगत नाही, आणि मुलगी मनात भलतंच काहीतरी धरून बसते.

याच ओघात सांगते, ‘स्वच्छता ठेवत जा’ हे वाक्य कृपा करून सोडून द्या. बाईचा मूत्रमार्ग चार सेंटिमीटरचा असतो, पुरुषाचा वीसेक सेंटिमीटरचा. जंतू आतड्यातलेच, तिच्या स्वतःच्याच शरीरातले. जवळजवळ निम्म्या बायकांना आयुष्यात एकदा तरी हा आजार होतो. त्या निम्म्या बायका काही अस्वच्छ नाहीत. माझ्या काउंटरवर शिक्षिका येतात, नर्सेस येतात, दिवसातून दोनदा आंघोळ करणाऱ्या आज्या येतात, आणि सगळ्यांना कुणीतरी हे सुनावलेलं असतं. त्यातून काही जणी साबणाने, डेटॉलने आतपर्यंत धुवायला लागतात. मग तिथले चांगले जंतू मरतात आणि त्रास वाढतो. आपण दिलेल्या सल्ल्यानेच हे होतं.

आता औषधाबद्दल. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना आवडणार नाही, पण लॅबवाली असून सांगते: निरोगी, गरोदर नसलेल्या बाईला पहिल्यांदा किंवा बऱ्याच काळाने आलेला साधा संसर्ग असेल, ताप नसेल, तर कल्चर पाठवू नका. तिच्या शे-दोनशे रुपयांत औषधाचा कोर्स येतो. नायट्रोफ्युरँटॉइन, सावकाश विरघळणारी १०० मिलिग्रॅमची गोळी, सकाळ-संध्याकाळ, पोटात काहीतरी असताना, पाच दिवस. किंवा फॉस्फोमायसिन ३ ग्रॅमची एकच पुडी पाण्यात विरघळवून, झोपताना, लघवीला जाऊन आल्यावर. संपलं. नायट्रोफ्युरँटॉइन १९५३ पासून वापरात आहे आणि अजून चालतं. ते जंतूवर एकाच वेळी अनेक ठिकाणी घाव घालतं, त्यामुळे जंतूला त्यातून निसटणं अवघड जातं. आयसीएमआरच्या देशभरातल्या प्रयोगशाळांचं जाळं २०१३ पासून प्रतिकाराची नोंद ठेवतंय. त्यात ई. कोलायवर सिप्रोफ्लॉक्सासिन आणि तिसऱ्या पिढीची सेफॅलोस्पोरिन्स निष्प्रभ होत चालल्याचं वर्षानुवर्षं दिसतं. ही दोन जुनी औषधं मात्र टिकून आहेत. माझ्या छोट्या लॅबमध्येही चित्र हेच.

तुम्ही म्हणाल, सिप्रोने पेशंटला लवकर आराम पडतो. पडत होता. आणि आजही ज्याच्या जंतूवर चालतं त्याला पडतो. पण अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये या गटाच्या औषधांबद्दल स्पष्ट सांगितलं की, साध्या मूत्राशयाच्या संसर्गात दुसरा पर्याय असताना ती देऊ नयेत. कारण स्नायूंच्या कंडरा, नसा आणि मेंदू यांवर त्यांचे गंभीर दुष्परिणाम होऊ शकतात. जागतिक आरोग्य संघटनेने औषधांचे तीन गट केले आहेत: सहज वापरायची, सांभाळून वापरायची आणि राखून ठेवायची. नायट्रोफ्युरँटॉइन पहिल्या गटात आहे, सिप्रो दुसऱ्या. फॅरोपेनेमसारखं औषध साध्या जळजळीवर लिहिणं म्हणजे घरातल्या उंदरासाठी तोफ काढणं. खरी गरज पडेल त्या दिवशी तोफेत दारू उरलेली नसेल.

नायट्रोफ्युरँटॉइन कुणाला द्यायचं नाही तेही लिहिते, म्हणजे हे पत्र अर्धवट वाचून कुणी सरसकट सुरू करणार नाही. ताप असेल, मूत्रपिंडापर्यंत संसर्ग गेला असेल तर ते निरुपयोगी, कारण ते लघवीत भरपूर उतरतं पण मूत्रपिंडाच्या मांसात पुरेसं पोहोचत नाही. किडनी बरीच खराब झालेली असेल तर नको. गरोदरपणाच्या शेवटच्या आठवड्यांत नको. जी-सिक्स-पीडीची कमतरता असेल तर नको. पुरुषाला शक्यतो नको, कारण तिथे प्रोस्टेटचा विचार करावा लागतो. आणि पेशंटला आधीच सांगा की लघवी गडद पिवळी-तपकिरी होईल. नाहीतर ती घाबरून गोळी बंद करते आणि औषध बाधलं म्हणून सांगत फिरते.

एक गोष्ट मला प्रिस्क्रिप्शनवर दर आठवड्याला दिसते आणि दर वेळी वाईट वाटतं. वर नायट्रोफ्युरँटॉइन, खाली सायट्रेटचं सिरप, दोन चमचे तीन वेळा. सिरप लघवी अल्कलीयुक्त करतं. नायट्रोफ्युरँटॉइन आम्लधर्मी लघवीत चांगलं काम करतं. म्हणजे एका हाताने दिलं आणि दुसऱ्या हाताने काढून घेतलं. आग कमी करायचीच असेल तर साधी वेदनाशामक गोळी द्या. धने-जिऱ्याचं पाणी, नारळपाणी ती घरी घेतेच, घेऊ द्या. पण त्यावर विसंबून ताप अंगावर काढू नको, एवढं सांगा.

आता बाटली कधी पाठवायची ते. गरोदर बाई, पुरुष, लहान मूल, ताप आणि पाठीत दुखणं, घातलेली नळी, औषध देऊनही दोन-तीन दिवसांत उतार नाही, किंवा बरं होऊन दोन आठवड्यांत परत सुरू: यांपैकी काहीही असेल तर कल्चर हवंच. ज्यांना सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा होतं, त्यांचंही हवं. आणि पहिली गोळी देण्याआधी हवं. सकाळी एक गोळी गिळून दुपारी नमुना दिला की बऱ्याचदा माझ्या प्लेटवर काही उगवत नाही, मी ‘वाढ नाही’ लिहिते, आणि तुम्ही संसर्गच नाही असं समजता. फॉर्मवर ‘काल रात्री सेफिक्सिम दिलं’ एवढी एक ओळ असती, तर मी रिपोर्ट तसा लिहिला असता.

मी तो नमुना घेऊन काय करते, हे पाहिलंत तर तुम्हाला नमुन्याची काळजी आपोआप वाटेल. ठरावीक मापाची बारीक तारेची कडी लघवीत बुडवायची, तिच्यात लिटरचा दहा लाखावा भाग एवढीच लघवी येते. ती प्लेटवर पसरवायची, ३७ अंशांवर रात्रभर ठेवायची. सकाळी प्लेटवर जेवढे ठिपके, तेवढे हजार जंतू दर मिलिलिटरला. शंभरावर ठिपके म्हणजे एक लाखाच्या वर. हा लाखाचा आकडा एडवर्ड कॅस यांच्या १९५६ मधल्या कामातून आला आणि अजून पाठ्यपुस्तकांत आहे. पण लक्षणं असलेल्या बाईत याहून फार कमी जंतूंनीही संसर्ग असू शकतो, आणि लक्षणं आहेत की नाहीत हे मला तुमच्या फॉर्मशिवाय कळत नाही. मग दुसऱ्या प्लेटवर जंतूंचा पातळ थर देऊन त्यावर औषधं मुरवलेल्या कागदाच्या टिकल्या ठेवायच्या. चालणाऱ्या औषधाभोवती जंतू उगवत नाहीत, स्वच्छ गोल कडं दिसतं. ते पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजायचं. न चालणाऱ्या औषधाच्या टिकलीला खेटून जंतू उगवलेले असतात. हल्ली सिप्रोच्या टिकलीला खेटून उगवलेले इतक्या वेळा दिसतात की कडं दिसलं तर मी दोनदा मोजते.

आता समजा, ही बाटली तुमच्या दवाखान्यात सकाळी दहाला भरली. दिवसभराच्या बाटल्या एकत्र करून कंपाउंडर संध्याकाळी सातला आणून देतो. एप्रिल-मेच्या आमच्याकडच्या उन्हात त्या बाटलीत जंतू तासातासाला वाढत राहतात. दहा हजारांचे दहा लाख होतात, आणि मी इमानेइतबारे दहा लाख लिहिते. तुम्ही त्या आकड्यावर औषध देता. नमुना दोन तासांत पोहोचवा. जमत नसेल तर फ्रिजमध्ये ठेवा, बर्फाच्या खणात नाही, साध्या कप्प्यात. तिथे तो २४ तास टिकतो. फ्रिज नसेल तर लॅबकडून बोरिक अॅसिडची बाटली मागून घ्या. आणि पेशंटला नमुना कसा द्यायचा ते नीट सांगा: पहिली धार सोडून मधली धार बाटलीत. दवाखान्याच्या संडासाला कडी नसेल, पाणी नसेल, तर ती बिचारी जमेल तशी बाटली भरून बाहेर पडते, आणि माझ्या प्लेटवर चार प्रकारचे जंतू उगवतात. ‘मिश्र वाढ’ असा रिपोर्ट आला तर तो आजार नाही, नमुना बिघडलाय. त्यावर औषध देऊ नका, नमुना परत घ्या.

यानंतरचा मुद्दा मला सगळ्यांत जास्त छळतो. लक्षणं नसताना लघवीत जंतू सापडले म्हणजे आजार नव्हे. म्हाताऱ्या माणसांत, विशेषतः बायकांत, हे फार सर्रास आढळतं. नळी घातलेल्या माणसात तर दर दिवशी ३ ते ७ टक्के शक्यता वाढत जाते, आणि महिनाभर नळी राहिली की जवळजवळ सगळ्यांच्याच लघवीत जंतू सापडतात. पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्या आजी, नळी, पिशवीतली लघवी गढूळ, वास येतो. घरचे काळजीने तुमच्याकडे येतात. पिशवीतलाच नमुना लॅबला जातो. पिशवीत जंतू असणारच. रिपोर्टवर एक भयंकर नावाचा जंतू आणि फक्त महागडी इंजेक्शनं लागू. मग सात दिवस सकाळ-संध्याकाळ सलाइनमधून मेरोपेनेम, मुलाच्या खिशातून हजारो रुपये. आठव्या दिवशी आजी तशाच, लघवी तशीच गढूळ, शिवाय आता जुलाब. आजींना ताप नव्हता, ग्लानी नव्हती, ओटीपोटात दुखत नव्हतं. त्यांना हवं होतं ते पुरेसं पाणी, नळीची निगा, आणि शक्य असेल तर नळी काढून टाकणं. नुसता वास आणि गढूळपणा यावर नमुना पाठवूच नका. ताप असेल तर आधी नळी बदला आणि नव्या नळीतून नमुना घ्या. साखर असलेल्या पण लक्षणं नसलेल्या पेशंटच्या वार्षिक तपासणीत पू-पेशी दिसल्या, तरी हेच लागू.

याला दोन अपवाद आहेत, आणि दोन्ही पक्के लक्षात ठेवा. एक, मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया होणार असेल. दुसरा, गरोदर बाई. तिला काहीही त्रास नसला तरी पहिल्या तिमाहीत एकदा कल्चर करा आणि जंतू सापडले तर उपचार करा. गरोदरपणात ते मूत्रपिंडापर्यंत चढण्याची शक्यता बरीच जास्त असते, आणि त्याचा त्रास आईबरोबर बाळालाही होतो, बाळ लवकर येऊ शकतं. म्हणजे जिला काही होत नाही तिची तपासणी करायची आणि जिची लघवी नुसती गढूळ आहे तिची नाही. हे उलटं वाटतं, पण तसंच आहे.

तापाबद्दल थोडक्यात सांगते, कारण तुम्ही ते जाणताच. थंडी-ताप, पाठीत दुखणं, उलट्या असतील तर तोंडाने पाणी टिकत नसलेल्या पेशंटला घरी पाठवू नका. मुतखडा अडकलेला आणि वर ताप असेल तर एक तासही न घालवता सर्जनकडे पाठवा. साखर वाढलेल्या पेशंटला ताप उतरला नाही तर सोनोग्राफी लांबणीवर टाकू नका.

आणि एक, जे आपल्या देशात विसरता येत नाही. लघवीत पू-पेशी भरपूर, कल्चरमध्ये वाढ नाही, अँटिबायोटिकने तात्पुरतं बरं, पुन्हा तेच. असं दोनदा झालं तर तिसरं अँटिबायोटिक लिहू नका. क्षयाचा विचार करा. मूत्रमार्गाचा क्षय हळूहळू मूत्राशय आक्रसवतो आणि एक मूत्रपिंड कायमचं निकामी करतो, तोवर पेशंट ‘वारंवार युरिन इन्फेक्शन’ म्हणून फिरत असतो. सिप्रो, लेव्होफ्लॉक्सासिन या गटाची औषधं क्षयाच्या जंतूलाही थोडीफार दाबतात, म्हणूनच मध्ये बरं वाटतं आणि निदान महिनोन्महिने लांबतं. सरकारी क्षयरोग कार्यक्रमात तपासणी आणि औषधं मोफत आहेत. पेशंटला तिथे पाठवा.

पुन्हा पुन्हा होणाऱ्यांना दर वेळी नवं औषध लिहिण्यापेक्षा कारण शोधणं सोपं पडतं. पाळी गेलेल्या बाईला योनीमार्गात लावायचं इस्ट्रोजेनचं मलम द्या, त्याने वारंवारता कमी होते. आपल्याकडे ते लिहायला डॉक्टरही लाजतात आणि बाईही. पाणी कमी पिणाऱ्या बाईला पाणी वाढवायला सांगा. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वारंवार संसर्ग होणाऱ्या १४० बायकांपैकी निम्म्यांना रोज दीड लिटर जास्त पाणी प्यायला दिलं, तर वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा त्रास झाला आणि इतरांना ३.२ वेळा. औषध नाही, पैसा नाही, आणि त्रास जवळजवळ निम्म्यावर.

पण ‘पाणी भरपूर पी’ म्हणताना तिला विचारा, लघवीला कुठे जाणार? एसटीच्या कंडक्टर बाई, भाजीबाजारात पहाटेपासून बसलेली बाई, शाळेतली मुलगी जिच्या शाळेच्या संडासाला पाणी नाही: या सगळ्या मुद्दाम कमी पाणी पितात, कारण जायला जागा नाही. मुंबईत २०११ मध्ये बायकांनी ‘राइट टू पी’ ही मोहीम उभारली ती याच कारणाने. आमच्या मराठवाड्यातल्या ऊसतोड कामगार बायका तर सहा-सहा महिने उसाच्या फडात, पालात राहतात. तिथे ना संडास, ना पुरेसं पाणी. पांढरं जाणं, पोटात दुखणं, पाळीचा त्रास अशा तक्रारी घेऊन दवाखान्यात गेलेल्या यांतल्या कितीतरी जणींच्या गर्भपिशव्या काढल्या गेल्या. बीड जिल्ह्यातला हा प्रकार बाहेर आल्यावर २०१९ मध्ये राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२ हजारांहून जास्त बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली होती. लघवीच्या त्रासाचं गाऱ्हाणंही त्या बायका याच शब्दांत मांडतात, ‘ओटीपोटात दुखतं’ म्हणून. त्या वेळी कुणीतरी तीन प्रश्न विचारून पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या असत्या, तर त्यांतल्या काहीजणी शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत गेल्या नसत्या, असं मला राहून राहून वाटतं.

म्हणून तुमच्याकडे आणखी एक मागणं. तुमच्या लेटरहेडला गावात किंमत आहे. दुकानदार, मुख्याध्यापक, मुकादम, कारखान्याचा मॅनेजर, सगळे ते मानतात. वारंवार त्रास होणाऱ्या बाईला औषधाबरोबर दोन ओळींची चिठ्ठी द्या: ‘यांना दर तीन तासांनी लघवीला जाण्याची सोय आणि मोकळीक देणे वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक आहे.’ खाली सही, शिक्का. कापड दुकानातल्या त्या बाईंना मी अशी चिठ्ठी दिली. त्यांच्या मालकाने आता वरच्या मजल्यावरच्या घरातलं बाथरूम कामाच्या बायकांना उघडून दिलंय.

मेडिकलवाल्यालाही मी सांगतेच आहे. शेड्यूल एच-वन मार्च २०१४ पासून लागू आहे. सेफिक्सिम त्यात येतं, विकलं की वेगळ्या रजिस्टरमध्ये नोंद करायची आणि ती नोंद तीन वर्षं ठेवायची असा नियम आहे. पण चिठ्ठीशिवाय देऊ नकोस, असं गावातल्या डॉक्टरांनी मिळून त्याला सांगितलं तर तो जास्त ऐकेल.

माझ्याकडून मी काय करेन तेही लिहून देते. जिथे साधं औषध चालतंय तिथे रिपोर्टवर महागड्या इंजेक्शनांची नावं छापणार नाही. ‘मिश्र वाढ’ आली तर त्याच दिवशी फोन करेन. गरोदर बाईचा किंवा लहान मुलाचा रिपोर्ट कागदाची वाट न पाहता कळवेन. आणि दर वर्षी जानेवारीत, आमच्या लॅबमध्ये कोणता जंतू कोणत्या औषधाला किती दाद देतो त्याचा एक पानी तक्ता तुमच्यातले जे जे माझ्याकडे नमुने पाठवतात त्यांना देईन. तुमच्या जिल्ह्यातल्या लॅबकडेही असा तक्ता मागा. तयार करायला आठ दिवस लागतात, त्यांना नाही म्हणू देऊ नका.

बदल्यात फॉर्मवरच्या कोऱ्या जागेत एक ओळ लिहा. लक्षणं काय, ताप आहे का, गरोदर आहे का, नळी आहे का, कोणती गोळी आधी झाली. मराठीत लिहा, घाईत लिहा, चालेल. पेशंटचा मोबाइल नंबर लिहायला मात्र विसरू नका.



आपली,
एक सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ